गिल्बर्ट हिलचं वय काय आणि अंधेरी मुंबईत कधी आली

प्रश्न : आमच्या गॅलरीतून गिल्बर्ट हिल, ती काळ्या कातळाची उभी टेकडी, दिसते. मुलाला शाळेत तिच्यावर प्रोजेक्ट दिलाय. नेटवर एके ठिकाणी वय 6.6 कोटी वर्षं, दुसरीकडे 6 कोटी. काय लिहायचं? शिवाय तो विचारतोय की हा ज्वालामुखी परत पेटेल का, आणि ते ऐकून सासूबाई घाबरल्यात. (एक वाचक, अंधेरी पश्चिम)

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा, निवांत झोपा. ही टेकडी ज्या लाव्ह्याची झालीय तो आला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली, पार दक्षिणेला होता, तिथून सरकत सरकत इथवर आलाय, खालची ती भट्टी कधीच मागे राहिली.

आता वयाचं. 6.6 कोटी हा आकडा सह्याद्रीचा. घाटात आपण जे काळ्या कातळाचे थरावर थर बघतो ते साधारण त्या काळात ओतले गेले, आणि गिल्बर्ट हिलपण काळीच आहे म्हणून सगळे तोच आकडा तिला चिकटवतात, मीपण बरीच वर्षं तेच सांगत होतो. पण 2001 साली तिच्या दगडाचं वय आर्गॉन पद्धतीने मोजलेलं प्रसिद्ध झालं ते 6.05 कोटी वर्षं निघालं, बारा लाख वर्षं इकडेतिकडे धरून. पद्धत भारी आहे. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अगदी सावकाश आर्गॉन वायूत बदलत असतो, लाव्हा पातळ असतो तोवर तो वायू निसटून जातो, दगड थिजला की आतच अडकतो, म्हणजे थिजल्या क्षणापासून घड्याळ शून्यावरून सुरू. किती आर्गॉन जमलाय ते मोजायचं की वय आलं. मढच्या पलीकडे मनोरी आणि इकडे साकीनाका, तिथल्या फिकट दगडांचं वयसुद्धा 6 ते 6.2 कोटीच्या घरातलंच आलंय. थोडक्यात मुंबईचा हा भाग सह्याद्रीचा धाकटा भाऊ. प्रोजेक्टमध्ये 6 कोटी लिहा, आणि डायनोसॉरचं चित्र काढलं असेल तर खोडा, ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीच संपले, या कातळाने डायनोसॉर बघितलेलाच नाही.

तो उभ्या खांबांचा आकार कसा आला तेही मुलगा विचारणारच. जाड लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, आकसला की तडकतो, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसा, फक्त इथे भेगा वरून खाली खोल जातात आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. अमेरिकेत वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर असाच आहे. आपला सुळका 61 मीटर उंच, म्हणजे वीस मजली बिल्डिंग धरा. आणि तो एकटा उभा दिसतो ना, ते निसर्गाचं काम नाही हो, आजूबाजूला असेच खांब होते, जोगेश्वरीकडे जाणारी कातळाची सोंडच होती, ती सुरुंग लावून, खडी करून आपण रस्त्यात आणि स्लॅबमध्ये घातली. 2007 मध्ये पालिकेने सुळक्याला हेरिटेजचा दर्जा दिला, तोपर्यंत बाकीचं संपलं होतं.

प्रश्न : कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, एवढी लेणी या पट्ट्यात आहेत मग गिल्बर्ट हिलमध्ये एकही कसं नाही?

उत्तर : मस्त प्रश्न. मला विचाराल तर कारण दगडातच आहे. खांब-खांब सुटे असलेल्या कातळात छत कोरायला गेलात तर ते डोक्यावरच येणार. कान्हेरीला आणि महाकालीला, म्हणजे जुन्या कोंडिविट्याला, वेगळा खडक आहे, ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले तुकडे आणि राख एकत्र घट्ट बसून झालेला. छिन्नीला बरा, एकसंध पण. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत आणि काम हजार वर्षं चाललं ते उगीच नाही. जोगेश्वरीचं लेणं मात्र शिवाचं, सहाव्या शतकातलं, तिथला दगड इतका झिजलाय की मूर्ती ओळखायला कष्ट पडतात.

जाता जाता, फोर्टातलं वस्तुसंग्रहालय (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) नीट बघा, त्यातला पिवळसर दगड मालाडचा आणि करडा कुर्ल्याचा. शहराने उपनगराला उपनगर म्हणून हिणवलं खरं, पण भिंती आमच्याच दगडाच्या.

प्रश्न : आमचे आजोबा अंधेरीत राहून ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणायचे. अंधेरी मुंबईत नव्हती का?

उत्तर : नव्हती, आजोबा बरोबर. मुंबईची सात बेटं वेगळी आणि अंधेरी ज्यावर आहे ते साष्टी बेट वेगळं, मध्ये माहीमची खाडी. मुंबई इंग्रजांकडे गेली तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच होती, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतली, 1774 मध्ये इंग्रजांनी. खाडीवर माहीम कॉजवे झाला 1845 ला, सरकार पैसे देईना म्हणून लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांनी दिले. पालिकेची हद्द अंधेरीपर्यंत यायला 1950 उजाडलं, दहिसरपर्यंत 1957. पोर्तुगीजांची एक खूण अजून आहे, सीप्झच्या (अंधेरी पूर्वेची निर्यात उद्योगांची वसाहत) आत 1579 चं चर्च, साथीच्या रोगामुळे 1840 च्या सुमारास लोक सोडून गेले आणि ते पडलं, आता भोवती आयटी कंपन्या.

प्रश्न : टेकडीवर चढता येतं का?

उत्तर : येतं. कातळातच पायऱ्या आहेत, उभ्या आहेत, वर गावदेवीचं देऊळ. पावसाळ्यात जपून.