अँटीव्हायरस तपासायचाय? घाई नको

म्हापशात रिपेअरिंगचं दुकान टाकलंस, आता गिऱ्हाईक विचारणारच, "कुठला अँटीव्हायरस घालू?" स्वतः तपासून सांगावंसं वाटतं हे उत्तम. पण कुठून तरी व्हायरसचा गठ्ठा उतरवून बिलिंगच्या मशीनवर उघडू नकोस, बाबा.

सुरुवात आयकार (EICAR) या चाचणी-फाइलने कर. 68 बाइटचा निरुपद्रवी मजकूर. अँटीव्हायरसने तो पकडायचा असा संकेतच आहे. पकडला, तर पहारा चालू आहे एवढंच कळतं. पहारेकरी किती हुशार, ते नाही.

व्हायरसच्या नमुन्यांचं फोल्डर स्कॅन करून किती पकडले याचे टक्के काढणं मला तरी पटत नाही. आजचं बरंचसं संरक्षण फाइल चालवल्यावर, तिची वागणूक पाहून जागं होतं. नुसत्या स्कॅनमध्ये ते दिसतच नाही. व्हायरसटोटलवरून (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणारी वेबसाइट) तुलना करू नये तीही याचसाठी: तिथली इंजिनं घरच्या पूर्ण पॅकेजसारखी चालतातच असं नाही. खरे नमुने चालवायला वेगळं नेटवर्क, स्नॅपशॉट (मशीन पूर्वस्थितीत आणायला जपलेली प्रत), शेअर्ड फोल्डर बंद, एवढा पसारा लागतो. ते काम माग्देबुर्गच्या एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थांवर सोड, त्यांचे अहवाल वाच. एकच नको, मागचे चारपाच.

तुझ्या हातातली चाचणी वेगळी आहे: खोटा आळ, म्हणजे साध्या सॉफ्टवेअरलाच व्हायरस ठरवणं. गिऱ्हाइकाचं हॉटेल बिलिंग, जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर (कळा टिपतं, म्हणून की-लॉगर, म्हणजे टायपिंग चोरणारा प्रोग्राम, ठरू शकतं) चालवून बघ. काय क्वारंटाइनमध्ये (अँटीव्हायरसने अडकवून ठेवलेल्या फाइलींत) गेलं, आवृत्ती आणि तारखेसकट वहीत लिही.