ट्रकच्या वहीत न लिहिलेला खर्च

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातली, टी.वाय.बी.ए.ची (अर्थशास्त्र) विद्यार्थिनी. वडिलांचे दोन ट्रक आहेत. टोल, ओव्हरलोड, अपघात, धूर यांचं अर्थशास्त्र शिकून धोरणाच्या कामात जायचं आहे. घरचे म्हणतात, ‘एमपीएससी दे, आरटीओत लाग.’ बारावीनंतर गणित सुटलंय. मार्ग आहे का?

उत्तर : आहे. आधी आरटीओचं पाहू. सहायक मोटार वाहन निरीक्षकाला ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचं शिक्षण लागतं, बी.ए.वर ते पद मिळत नाही, हे घरी स्पष्ट सांग. तुझ्या विषयाची परीक्षा म्हणजे यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा. तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवी आणि जागा थोड्या असतात, म्हणून केवळ तिच्या भरवशावर राहू नकोस.

आता विषयाकडे. वडिलांच्या वहीत डिझेल, टायर, हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार आणि टोल असतो. खचलेला रस्ता, अपघातात गेलेला माणूस, हवेत गेलेला धूर त्या वहीत नसतो. तो खर्च मोजायचा आणि कोणी भरायचा हे ठरवायला मदत करायची, हे या क्षेत्राचं काम.

ओव्हरलोडचं उदाहरण घे. एक्सलवरच्या (चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) भारासोबत रस्त्याची झीज साधारण चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर १.२ चा चौथा घात, म्हणजे झीज दुप्पट. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. याच हिशेबाने पूर्ण भरलेल्या अशा एक्सलची झीज सुमारे १.६ पट होते. फेऱ्या कमी लागतात, तो फायदा त्यातून वजा करावा लागतो. उरलेलं रस्तादुरुस्तीचं बिल मात्र ट्रकमालकाला येत नाही, करदात्याला येतं.

सुरक्षेचंही तसंच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढला की जीवघेणे अपघात साधारण २० टक्क्यांनी वाढतात. रस्त्याच्या प्रकल्प अहवालात वेगामुळे झालेली वेळेची बचत रुपयांत धरली आणि हे मृत्यू वगळले, तर फायदा फुगतो. ही पहिली चूक. दुसरी चूक टोलची : भरणाऱ्याला तो खर्च वाटतो, पण समाजाच्या हिशेबात तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा असतो. आर्थिक विश्लेषणात तो खर्च म्हणून धरला की उत्तर चुकतं. तिसरी चूक फार होते आणि ती मला सर्वांत धोकादायक वाटते. एखाद्या ब्लॅक स्पॉटवर (वारंवार अपघात होणाऱ्या जागी) एका वर्षी अपघात वाढले म्हणून काम केलं, पुढच्या वर्षी आकडा उतरला, सगळं श्रेय कामाला दिलं. वाईट वर्षानंतर आकडा काम न करताही उतरू शकतो. म्हणून तीन ते पाच वर्षांची आकडेवारी घ्यायची आणि काम न झालेल्या तशाच जागेशी तुलना करायची. नाहीतर निधी चुकीच्या उपायावर जातो आणि माणसं मरत राहतात.

सुरुवात घरूनच कर. तीन महिने प्रत्येक फेरीची नोंद ठेव : किलोमीटर, वजनकाट्यावरचं वजन, डिझेल, टोल, लोडिंगला थांबलेले तास, परतीचा माल. समजा १६ टन माल २०० किमी नेला, ॲव्हरेज ४ मिळालं. डिझेल ५० लिटर, काम ३,२०० टन-किमी (टन गुणिले किलोमीटर). परतताना ट्रक रिकामा आला, ॲव्हरेज ५. आणखी ४० लिटर. एका लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर जातानाचे टन-किमीमागे ४२ ग्रॅम परतीसह ७६ होतात. परतीचा माल मिळवून देणारं धोरण किती महत्त्वाचं, हे तुला तुझ्याच आकड्यांतून दिसेल.

गणिताला एक वर्ष दे : कलन, रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र, मग रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो हे आकड्यांतून काढणं), याच क्रमाने. हे टाळून एम.ए.ला गेलीस तर पहिल्याच अर्थमितीच्या (अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राच्या) पेपरात अडशील. सोबत आकडेवारीसाठी आर किंवा पायथन ही संगणकभाषा, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर. एम.एस्सी.साठी पुण्याची गोखले संस्था आहे. आयआयटींच्या ‘जॅम’ या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेतही २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. वाहतुकीचं खास शिक्षण त्यानंतर : अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, आयआयटी दिल्लीचं रस्ते-सुरक्षेचं संशोधन केंद्र, परदेशात लीड्स विद्यापीठ. पात्रतेच्या अटी वेगवेगळ्या असतात, प्रवेशपुस्तिका आधी वाच.

कामं मिळतात ती प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत, दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत, भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या केंद्रीय संस्थेत, पुण्यातल्या ‘परिसर’सारख्या स्वयंसेवी संस्थांत. पहिली दोन वर्षं बहुधा वाहनमोजणी आणि एफआयआरमधला मजकूर तक्त्यात भरणं यात जातील. त्याला कमी लेखू नकोस. ‘रस्ता’ या रकान्यात कोणी अर्धवट किलोमीटर लिहिला, तर ब्लॅक स्पॉटच हरवतो.

वडिलांना एक विनंती मात्र आजच कर : जास्त वजनाची फेरी झाली असेल तर तिचीही वजनकाट्याची पावती फाडून न टाकता वहीला लावू द्यावी.