साखरेचे माहेर कोणते?

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई ‘साखर परदेशी’ म्हणून नैवेद्याला नेहमी गूळच वापरीत असत. हिंदीतही साखरेला ‘चिनी’ म्हणतात. तर साखर खरोखर चीनमधून आली काय? बीटापासून केलेली साखर वेगळी असते काय? आणि आपल्या जिल्ह्यात एवढी द्राक्षे पिकत असताना त्यांची साखर का करीत नाहीत?
– एक वाचिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत, कारण उसाचे माहेर एक आणि साखरेचे माहेर दुसरे. जाड, रसाळ ऊस प्रथम न्यू गिनी बेटावर लागवडीखाली आला असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथून तो आशियात पसरला आणि भारतात आल्यावर इथल्या रानटी जातींशी त्याचा संकर झाला. उसाचा रस आटवून, त्याचे दाणे पाडून, ते मळीपासून वेगळे करण्याची कला मात्र भारतात विकसित झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असा क्रम एका ओळीत सापडतो. काकवीसारख्या पातळ फाणितापासून दाणेदार शर्करेपर्यंतच्या या पायऱ्या गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ उभे राहिलेल्या माणसाला आजही ओळखू येतील.

‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा रेती असा आहे, आणि आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही हाच शब्द वापरलेला आहे. प्राकृतातील ‘सक्करा’वरून आपली ‘साखर’ झाली. फारसीत तीच ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि पुढे युरोपातील बहुतेक भाषांत गेली. ‘खण्ड’ हा शब्दही असाच फारसी-अरबीतून फिरून इंग्रजीत ‘कँडी’ झाला, आणि आपली मुले तो आता परका समजून खातात. चीनचे म्हणाल, तर इ. स. ६४७ मध्ये तांग सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधात आपली माणसे पाठविल्याची नोंद खुद्द चिनी इतिहासात आहे.

मग ‘चिनी’ हे नाव कसे पडले? पुढच्या काळात चीनमधून येणाऱ्या अधिक शुभ्र साखरेवरून ते रूढ झाले, असे साधारणपणे सांगितले जाते. खडीसाखरेला हिंदीत ‘मिसरी’ म्हणतात ते मिसर, म्हणजे इजिप्त, या देशावरून. आणि गुजरातीत साखरेला ‘मोरस’ म्हणतात ते मॉरिशसवरून. अशी नावे मालाचा जन्म कोठे झाला हे सांगत नाहीत, चांगला माल त्या वेळी कोठून येत होता एवढेच सांगतात. आजेसासूबाईंचा आक्षेप मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातील बाजारात जावा बेटावरची गिरणीची साखर मोठ्या प्रमाणावर येत असे. १९३२ मध्ये देशी उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर येथे भराभर कारखाने उभे राहिले, आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा रावळगावचा कारखाना १९३३ मध्ये सुरू झाला.

बीटाच्या साखरेविषयी थोडक्यात सांगतो. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्ग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटातून साखरेचे स्फटिक वेगळे काढले आणि ते उसाच्या साखरेसारखेच असल्याचे दाखविले. नेपोलियनच्या युद्धकाळात सागरी व्यापार अडल्यामुळे फ्रान्समध्ये ही साखर घाऊक प्रमाणावर होऊ लागली. शुद्ध केल्यावर दोन्ही साखरा म्हणजे एकच पदार्थ, सुक्रोज. चहात कोणती घातली आहे हे जिभेला कळत नाही. आपण कोशिंबिरीत घालतो ते लाल बीट मात्र यासाठी वापरीत नाहीत. साखरेचे बीट पांढरे असते.

द्राक्षांचा प्रश्न खास नाशिकचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात शेकडा १८ ते २० इतकी साखर सहज असते, म्हणजे गोडीत तो उसाच्या रसाला हार जात नाही. अडचण आहे ती साखरेच्या जातीची. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. त्यांपैकी फ्रुक्टोजचे दाणे सहजी पडत नाहीत, आणि ग्लुकोजचे पडले तरी ते साध्या साखरेहून कमी गोड असते. त्यामुळे रस कितीही आटविला, तरी हाती येतो तो चिकट पाक. बीटाची साखर स्थिरावण्यापूर्वी फ्रान्सनेही द्राक्षांच्या पाकाचा प्रयोग करून पाहिला होता, पण तो मागे पडला. ग्लुकोजला मराठीत ‘द्राक्षशर्करा’ म्हणतात ते उगाच नव्हे, कारण मार्ग्राफ यांनी बेदाण्यांतूनही ही साखर वेगळी काढली होती. ती पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावयास नको. डब्यात बरेच महिने राहिलेल्या बेदाण्याला दाताखाली जी बारीक कचकच लागते आणि जिला आपण वाळू समजून बेदाणे पुन्हा धुतो, ती पुष्कळदा हीच द्राक्षशर्करा असते.