शेड डंपरची आहे, गोदामाची नव्हे

प्रश्न: आडबाजूच्या एका खाणीवर डंपर दुरुस्तीची शेड बांधायची आहे. डंपर ९० टन माल नेणारे. ‘दुरुस्तीला ते रिकामेच येणार, तेव्हा गोदामासारखी २०० मिलिमीटर जाड काँक्रीटची फरशी पुरे, वाचलेला पैसा लोखंडी सांगाड्यात घाला,’ असं ठेकेदार म्हणतो. मन मानत नाही. काय करावं? – एक तरुण अभियंता

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय. असा डंपर रिकामा असला तरी सुमारे ७० टनांचा असतो. त्यातही फरशीची खरी परीक्षा टायरखाली होत नाही, जॅकखाली होते. टायरमध्ये हवेचा दाब साधारण ७ बार (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार). काँक्रीटवरचा दाबही जवळपास तेवढाच. मागची चाकं काढायची म्हणून डंपर उचललात, की एकेका जॅकवर १९-२० टन येतात. जॅकचा तळ ३० बाय ३० सेंटिमीटर धरला, तर दाब २१ बारच्या आसपास जातो. तिप्पट! हा जॅक फरशीच्या एखाद्या स्लॅबच्या कडेला किंवा दोन स्लॅबमधल्या मोकळ्या सांध्याशी टेकला, तर तडा तिथूनच सुरू होणार.

म्हणून नकाशा घेऊन आधी मेकॅनिककडे बसा. डंपर कुठे थांबतो, जॅक आणि स्टँड कुठे लागतात, ते त्यालाच खुणा करायला सांगा. सांधे त्या जागांपासून दूर न्या, सांध्यांत डॉवेल सळया घाला, म्हणजे एका स्लॅबवरचा भार शेजारच्यावरही जाईल. जाडी मात्र खालच्या भरावाची चाचणी झाल्यावरच ठरवा. भराव नीट दाबलेला नसेल तर जाड स्लॅबही खचतो. लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणारे डोझर आत येणार असतील तर त्यांच्या वाटेत काँक्रीटमध्ये रूळ पुरा, नाहीतर साखळीचे दात पृष्ठभाग सोलून काढतात.

उंचीचं गणितही डंपरवरूनच करा. हौदा वर केल्यावर तो १० मीटरच्या आसपास जातो. क्रेनचा हुक त्याच्याही वर हवा की हौदा उतरवूनच काम होणार, हे मालकाकडून लेखी घ्या. खांबांची उंची त्यावर ठरते.

वाऱ्याकडे दुर्लक्ष नको. एवढे मोठे दरवाजे उघडे असताना वारा आत घुसून छताला खालून ढकलतो, त्याच वेळी बाहेरून छत वर ओढलं जातं. पत्र्याचं छत हलकं, तेव्हा अशा शेडमध्ये पाया बहुधा उचलला जाण्याच्या बाजूनेही तपासावा लागतो. दरवाजे बंद असतील असं गृहीत धरू नका. वादळ आलं तेव्हा अर्धा डंपर आत, अर्धा बाहेर असू शकतो.

सांगाडा ट्रेलरवर मावेल अशा तुकड्यांत, नट-बोल्टनी जुळणारा करा. आडजागी चांगला वेल्डर आणि तपासणी दोन्ही मिळणं कठीण.