टांझानियाच्या वर्गमित्राशी ओळख 'हाय-बाय'च्या पुढे कशी न्यायची?

तुम्ही विचारलंय : फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॉलेजात तुमच्या वर्गात टांझानियाचा एक मुलगा आहे, दोन महिने झाले तरी बोलणं 'हाऊ आर यू'पाशीच थांबतं, मैत्री करायची इच्छा आहे पण विषय सुचत नाही.

विषय न सुचण्याचं मूळ बहुतेकदा प्रश्नांतच असतं. 'हाऊ इज इंडिया?', 'डू यू लाइक इंडियन फूड?' हे त्याला रोज कोणीतरी विचारतं, त्यामुळे उत्तरं पाठ झालेली असतात. पाठ उत्तरातून पुढचं बोलणं निघत नाही. प्रश्न लहान करा आणि त्याच्या आजच्या दिवसाबद्दल विचारा. काल मेसमध्ये काय होतं, त्यातलं काय ताटात उरलं? या पावसात खोलीवर कपडे वाळतात का? रिक्षावाले मीटरने येतात का? दोन प्रश्न झाले की एकदा स्वतःचं काही सांगा, नाहीतर ती मुलाखत होते.

दुसरी अडचण आपल्या घाईची. समोर आला की आपण थेट 'असाइनमेंट झाली?' म्हणतो. टांझानियाची भाषा स्वाहिली, आणि ती बोलणाऱ्यांकडे आधी विचारपूस, मग काम. त्यांचा 'हबारी?' म्हणजे शब्दशः 'काय खबर?', आणि शब्दही आपल्या 'खबर'चाच सख्खा. मग घरची खबर, अभ्यासाची खबर असं एकेक विचारलं जातं, उत्तर 'न्झुरी', म्हणजे छान. बरोबरीच्या पोरांत 'माम्बो?' आणि त्यावर 'पोआ'. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणतात, ते 'माराहाबा' म्हणून उत्तर देतात. उद्या भेटलात की 'माम्बो' म्हणा आणि अर्धा मिनिट विचारपूस करा. एवढ्यानेही फरक पडेल.

नावाकडे लक्ष द्या. स्वाहिलीत जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. 'बराका' या नावात तो 'रा'वर येतो, आपण मात्र 'बराक' किंवा 'बर्का' करून टाकतो. त्याला नाव दोनदा म्हणायला सांगा, फोनमध्ये ते देवनागरीत साठवा आणि त्याला दाखवा. आपलं नाव परक्या लिपीत बघायला कोणालाही आवडतं, आणि लिपीवरून गप्पा आपोआप सुरू होतात.

गप्पांचा सगळ्यात मोठा साठा मात्र शब्दांचा आहे. हिंदी महासागरावरून मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर शेकडो वर्षं जहाजं ये-जा करत राहिली, त्यांच्याबरोबर अरबी, फारसी आणि गुजराती शब्दही गेले-आले. एखाद्या अमृततुल्यमध्ये कागद-पेन घेऊन बसा आणि दोन रकाने करा : दुकान–दुका, गाडी–गारी, हिशोब–हेसाबू, किताब–किताबू, रंग–रांगी, साबण–साबूनी, दुनिया–दुनिया, कचुंबर–काचुंबारी. तुमचा रकाना तुम्ही म्हणा, त्याचा तो म्हणेल. चपाती तिकडेही चपातीच, पण मैद्याची, तेलाची आणि पदर सुटणारी, म्हणजे आपल्या पराठ्याच्या जवळची. आपली घडीची पोळी बघून त्याला काय वाटलं ते जरूर विचारा. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ते उजव्या हाताने तोडून कालवणाला लावून खातात. भाकरी मोडून खाणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वेळ ठरवताना जपा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास आणि आपले आठ म्हणजे 'दोन'. इंग्रजीत बोलतानाही क्वचित सहा तासांची गल्लत होते. भेटायची वेळ फोनवर आकड्यांत लिहून पाठवा. आपल्याकडूनही असाच गोंधळ होतो : मंडईत 'पावणेदोनशे' ऐकून नवखा माणूस दोनशे काढून देतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच एवढे चार शब्द एका बैठकीत शिकवा, त्याला रोज उपयोगी पडतील. आणि टांझानियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे असतं. इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा त्याच्या घरी साडेसहा. तो घरी बोलत असेल ती वेळ सोडून फोन करा.

इंग्रजी त्याचीही घरची भाषा नाही. तिकडे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि इंग्रजी माध्यम माध्यमिकपासून येतं. त्याला कळलं नाही तर आवाज चढवू नका, वाक्य छोटं करून पुन्हा सांगा. आपले काही इंग्रजी प्रयोग बाहेर चालत नाहीत. 'पास्ड आउट'चा अर्थ चक्कर येऊन पडला असा होऊ शकतो, आणि 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की तुमचा विश्वास नाही असं वाटतं.

मैत्री सर्वांत जास्त तुटते ती टोळक्यात. चार मराठी आणि तो एकटा असला की दहा मिनिटांत बोलणं मराठीवर घसरतं. वाईट हेतू कोणाचाच नसतो, विनोद इंग्रजीत जमत नाही एवढंच. पण त्याला हसण्याचा आवाज ऐकू येतो आणि विषय कळत नाही. एकाने त्याच्या शेजारी बसून कशावर बोलणं चाललंय ते सांगत राहावं, वाक्यन्‌वाक्य भाषांतराची गरज नसते. म्हणून सुरुवातीचे तीन-चार आठवडे दोघंच भेटा : ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण तास. माझ्या मते कॉफीच्या टेबलापेक्षा फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी बरी. शेजारी चालताना मध्येच गप्प झालं तरी अवघडल्यासारखं होत नाही. साडेपाचला चढा आणि अंधाराआधी उतरा.

काही गोष्टी मुळीच करू नका. केसांना हात लावू नका, रंगावरून गंमत नको, 'तुमच्या आफ्रिकेत' असं म्हणू नका. त्या खंडात पन्नासहून जास्त देश आहेत. रस्त्यात कोणी टोमणा मारला असं तो सांगेल, तेव्हा 'त्यांचा तसा अर्थ नव्हता' हे आपण पटकन बोलून जातो. तसं झालं की पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. आधी ऐकून घ्या. त्यांच्याकडे अशा वेळी 'पोले' म्हणतात. त्यात चुकीची कबुली नसते, 'तुला त्रास झाला याचं वाईट वाटतं' एवढाच अर्थ. तुम्हीही तेच म्हणा.

आणि सतत मदत करणारा होऊ नका. खोली, सिमकार्ड, परकीय नागरिक नोंदणी (जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर ती आल्यापासून 14 दिवसांत लागते) यात साथ द्या, पण त्याच्याकडूनही काही मागा : नोट्स, एखादं गणित, स्वाहिलीचे दहा आकडे. एकतर्फी उपकाराने माणूस संकोचतो.

'ये ना कधीतरी घरी' हे वाक्य आपण निरोपादाखल टाकतो. तो ते आमंत्रण समजून वाट बघतो. बोलवायचंच असेल तर तारीख सांगा. दिवाळी योग्य : रूममेट गावी जातात, मेस बंद असते, वसतिगृह रिकामं होतं. दोन आठवडे आधी सांगा. येण्यापूर्वी तीन गोष्टी कानावर घाला : चपला दाराशी काढायच्या, आजी लग्नाचं विचारेल, आणि 'नको' म्हटलं तरी चकली वाढली जाईल, म्हणून ताटावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणायचं. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायलाही शिकवा, नाहीतर आजी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करेल.