ईटीपीवर पैसा घालायचा, पण आधी मशिनीकडे बघून

सोलापुरात टॉवेलच्या सुताचं डाईंग (रंगाई) आहे, मोठा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बसवला तर नफा वाढेल की घटेल, असं तुम्ही विचारलंय.

नुसता ईटीपी बसवलात तर घटेल. तो वीज, केमिकल आणि गाळाची विल्हेवाट एवढंच मागतो. कन्सेंटसाठी, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीसाठी, तो लागतोच, पण केवढा लागेल हे डाईंग मशीन ठरवतं.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याला वापरतात तो) धाग्यावर चढायला मीठ लागतं, आणि ते पाण्याच्या हिशेबानं पडतं. लिटरला 60 ग्रॅम धरा. किलोभर सुताला 10 लिटर पाणी घेणाऱ्या मशिनीत 600 ग्रॅम मीठ जातं, 6 लिटरवालीत 360. रोज 1 टन सूत असेल तर 240 किलो मीठ वाचलं, शिवाय दर बाथला (टाकी एकदा भरली की) 4,000 लिटर पाणी आणि ते तापवायची वाफ. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्याला याचे रुपये काढून दाखवायला नकोत. आणि साध्या ईटीपीत मीठ निघत नाही. त्याला आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) लागतो, आरओचं रिजेक्ट, म्हणजे उरलेलं खारट पाणी, आटवायला एमईई हे बाष्पीभवन यंत्र, आणि एमईईला परत वाफ. म्हणजे विकत घेतलेलं मीठच पुन्हा पैसे जाळून बाहेर काढायचं!

म्हणून पहिलं काम कमी पाण्याची मशीन. दुसरं काम कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरला परत आणायचं. बॉयलरमध्ये जाणारं फीडचं पाणी 6 अंशांनी गरम आलं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं. 30 चं 72 अंशांवर गेलं तर 7 टक्के. रोज 2 टन ब्रिकेट (भुशाच्या दाबलेल्या कांड्या), किलोला 8 रुपये धरले तर दिवसाला 1,120 रुपये. मात्र वाफ थेट पाण्यात सोडणाऱ्या टाक्यांतून कंडेन्सेट मिळत नाही, कॉइलवाल्यांतूनच, म्हणजे वाफ बंद नळीतून फिरते त्यांतूनच, मिळतं. कॉइलला बारीक भोक पडलं की रंग-मीठ बॉयलरमध्ये जातं, फेस येतो. परतीच्या लाइनवर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा, आकडा चढला की ते पाणी बॉयलरऐवजी ईटीपीकडे वळवा. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) गळत असतील तर आधी ते बदला.

पर्यावरणावर खर्च करणाऱ्या कंपन्या जास्त कमावतात, असं वाचून हुरळू नका. पुष्कळदा आधी कमाई असते, मग खर्च.

प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रांना आयकरात 40 टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून वजावट) मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांहून कमी झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. त्यामुळे ऑर्डर देतानाच ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत यंत्र चालू होईल अशी तारीख लिहून घ्या.