रिपेअर करताना बोर्ड परत परत उडतोय, प्रोटेक्शनला काय लावू?

तुम्ही विचारलंय की 32 इंची टीव्हीच्या पॉवर बोर्डचा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) बदलला, प्लग लावला की फट्, असे दोन नवे मॉस्फेट गेले, तर आता टेबलवर वेगळी एमसीबी बसवू की फ्यूज कमी अँपचा टाकू. खरं सांगू, दोन्हीचा उपयोग नाही.

माझं कळव्यात रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे आणि हे मी पण पैसे घालवूनच शिकलोय. एका अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले, गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं, घाईत डायरेक्ट लाईनला लावला, चारही गेले आणि फ्यूज मात्र शाबूत! फ्यूजची तार गरम होऊन वितळायला वेळ लागतो, तेवढ्यात ट्रान्झिस्टरच्या आतलं सिलिकॉन कधीच खलास. फ्यूज असतो आग लागू नये म्हणून. आणि घरातली 6 अँपची सी टाईप एमसीबी शॉर्टला लगेच पडायला 30 ते 60 अँप लागतात, तुमचा मॉस्फेट तोपर्यंत थांबणार आहे का.

म्हणजे करंट तोडायचा नाही, वाढूच द्यायचा नाही. त्यासाठी जुना सिरीज बोर्ड करा, फेजच्या वायरमध्ये बल्बचा होल्डर आणि पुढे सॉकेट, बस. बल्ब पिवळा म्हणजे फिलामेंटचाच पाहिजे, एलईडी अजिबात चालणार नाही (माझ्याकडच्या पोराने एकदा एलईडी लावून अर्धा दिवस डोकं खाजवलं). 100 वॅटचा बल्ब थंड असताना मीटरने मोजला तर 40 ओहमच्या आसपास दाखवतो, पूर्ण पेटला की 500 च्या वर जातो, म्हणून बोर्ड शॉर्ट असला तरी बल्ब तापल्यावर पुढे 0.43 अँपच्या वर काही जात नाही. हल्ली असे बल्ब पटकन मिळत नाहीत, मी ठाणे स्टेशनजवळ एका जुन्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात दिसले तेव्हा सहा उचलून ठेवले.

आता बल्ब बघायचा कसा, तर चालू केल्यावर एकदा चमकला आणि मंद झाला किंवा विझला तर मेन कपॅसिटर चार्ज झाला, बोर्ड बहुतेक ठीक. फुल पेटून राहिला तर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), मॉस्फेट नाहीतर कपॅसिटर शॉर्ट आहे, बंद करा आणि मीटर घ्या. लुकलुकत राहिला तर सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूला) शॉर्ट असू शकतो, पण बल्ब छोटा पडला तरी असंच होतं, टीव्हीची बॅकलाईट लागली की लोड वाढतो, व्होल्टेज बसतं आणि टीव्ही बंद पडतो, त्याला फॉल्ट समजू नका, 200 वॅटचा लावून बघा.

12 किंवा 19 व्होल्टवाल्या बोर्डांना मात्र बेंच सप्लायच (व्होल्टेज आणि करंटची लिमिट सेट करता येणारा टेबलावरचा डीसी सप्लाय) घ्या. आधी व्होल्टेज सेट करा, मग लीड एकमेकींना टेकवून करंटची नॉब फिरवा, मी 200 मिलीअँपपासून सुरू करतो. बोर्ड जोडताना व्होल्टेज शून्यावर आणून हळूहळू वर न्यायचं, कारण सप्लायच्या आउटपुटला आत कपॅसिटर असतो, तो तुमच्या लिमिटला विचारत बसत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बल्ब बोर्डला वाचवतो, तुम्हाला नाही! बल्ब विझलेला असला तरी मेन कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी बसलेले असतात. प्लग काढून मीटरने बघा, उरले असतील तर 2.2 के (किलोओहम) चा 10 वॅटचा रेझिस्टर धरून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

आणि तुमचा मॉस्फेट दोनदा गेलाय म्हणजे तो मूळ दोषी नसावा, मॉस्फेट शॉर्ट होताना गेटच्या पायाचा रेझिस्टर, सोर्सच्या पायाचा करंट मोजणारा छोटा सेन्स रेझिस्टर आणि बऱ्याचदा ड्रायव्ह करणारी आयसी पण घेऊन जातो. हे तिन्ही चेक करून तिसरा मॉस्फेट टाका आणि बल्बवर लावून काय दिसतं ते इथेच कळवा.